वाटेवर पडलेले दाणे

पुण्याचे लोक काशीला जातात, रामेश्वराला जातात, आणि परत आल्यावर गंगाजळ वाटता वाटता शेजाऱ्यापाजाऱ्यांना आपली हकिकत ऐकायला बसवतात. मी गेलो ठाण्याहून कल्याणला. आगगाडीने तासाभराचीही वाट नाही. मला दोन दिवस लागले. वाटायला माझ्याजवळ काही नाही, आणि तो मुलूख पाहण्यासारखा आहे असे सांगून मी कोणाला फसवणारही नाही. पण पाद्र्याशी लागलेली पैज शेवटी कोणी जिंकली, असे विचारून दोन-चार स्नेह्यांनी माझा पिच्छा पुरवला आहे. त्यांच्यासाठी हे लिहितो. ज्यांना पैजेशी कर्तव्य नाही त्यांनी वाटेत कुठेही उतरावे, माझी हरकत नाही.

ठाणे

चैत्रात गोदीचे पत्र आले. गोदी माझी धाकटी बहीण, कल्याणला दिलेली. नवरा जाऊन दहा वर्षे झाली. तिचा एकुलता एक मुलगा दिनकर ठाण्याच्या कचेरीत कारकून आहे. मुंबईला राहून इंग्रजी शिकला, आणि एवढे शिकून करायचे काय ते न कळल्यामुळे पाद्र्याच्या बंगल्यावर जाऊ लागला. गोदीला लिहितावाचता येत नाही. तिने शेजाऱ्याकडून लिहवून घेतले होते की दिनू महिनाअखेर बाप्तिस्मा घेणार. तो गेला तर दर्भाची बाहुली करून त्याची क्रिया करावी लागेल असे भटजी म्हणतात. तर दादा, तू ये.

जिवंत मुलाचे और्ध्वदेहिक करायचे आणि पुढे तो रस्त्यात भेटला तर तोंड फिरवायचे, ही आमच्याकडची रीत. ती बरी की वाईट हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात नव्हता. पोरगा हातचा जाऊ नये एवढेच होते. मी थेट ठाण्याला उतरलो.

दिनूची खोली तलावापासून जवळच. बसल्या बसल्या मी त्याला विचारले, काय पाहिलेस त्या धर्मात? मला वाटले होते तो चमत्कार सांगेल, मेलेले उठल्याचे सांगेल, आणि मी दोन घटकांत त्याचा निकाल लावीन. पण तो म्हणाला, "चमत्कारांचं मी काही म्हणत नाही, मामा. ते राहू द्या बाजूला. पण ते दृष्टांत येशूच्याच तोंडचे आहेत. तसं दुसरं कोणी बोलूच शकणार नाही."

हे ऐकून मला बरे वाटले, कारण या बाबतीत मी तयारीने आलो होतो. शुभवर्तमानाचे मराठी पुस्तक आमच्या पेठेतही फुकट वाटतात. मी ते हातात पेन्सिल घेऊन वाचले होते. मी तीस वर्षे मास्तरकी केली आहे, आणि पोरांचे पाठ ऐकून ऐकून माझी एक खात्री झाली आहे: सोमवारी सांगितलेली गोष्ट शनिवारपर्यंत कोणत्याही वर्गात धडपणे जगत नाही. इथे तर सांगणारा गेल्यावर तीस-चाळीस वर्षांनी ती कागदावर आली. तो बोलला एका बोलीत, लिहिली दुसऱ्या भाषेत, तिची झाली इंग्रजी आणि इंग्रजीची झाली मराठी. चार घरचे पाणी पिऊन आलेली ती गोष्ट आमच्या ठाण्यात म्हणे अजून सोवळ्यातच आहे.

पेरणाऱ्याची गोष्ट घ्या. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक मनुष्य बी पेरायला निघतो. काही दाणे वाटेवर पडतात, ते पाखरे खातात. काही खडकाळ जागी पडतात, ते उगवतात आणि करपतात. काही काट्यांत पडून गुदमरतात. काही चांगल्या जमिनीत पडतात आणि भरघोस पीक देतात. गोष्ट म्हणून ठीक आहे. पण पहिल्या शुभवर्तमानात पीक शंभरपट, साठपट, तीसपट येते. दुसऱ्यात तेच उलटे, तीसापासून चढत जाते. आणि तिसऱ्यात तीस-साठाचा पत्ताच नाही, सरसकट शंभर. वाटेवरचे दाणे लोकांच्या पायांखाली तुडवले गेले हे तिसराच तेवढा सांगतो, बाकी दोघांना ते माहीतही नाही. पुढे त्या गोष्टीचा अर्थही येशूच्याच तोंडी घातला आहे, आणि तो वाचताना मला तरी एखाद्या हुशार मास्तराने मागाहून समासात लिहिल्यासारखा वाटला. तिघांतला खरा कोण? असे मी दिनूला विचारले. तो मला पाद्रीसाहेबांकडे घेऊन गेला.

साहेबांचा बंगला ऐसपैस आहे. मनुष्य साठीचा, उंच, पंचवीस वर्षे या देशात काढलेला. मराठी छापील पुस्तकासारखे बोलतात, आणि मध्ये कोणी बोलले की मान वर करून थांबतात, जणू पूजेत कोणी शिंकले. मला खुर्ची दिली. संध्याकाळी मी स्नान करणारच होतो, म्हणून बसलो. चहा घेतला नाही. दिनूने घेतला, आणि माझ्याकडे न पाहता संपवला.

तिन्ही पुस्तकांतला फरक मी दाखवला तेव्हा साहेब म्हणाले की प्रभूने तो दृष्टांत अनेक वेळा सांगितला असेल, कधी असा, कधी तसा. हेच उत्तर माझ्या वर्गातले पोर देते तेव्हा मी छडी काढतो. तसे मी म्हणालोही. साहेब रागावले नाहीत. मला पुस्तकी मनुष्य म्हणाले, आणि पुढे म्हणाले, "ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे स्मरण दगडावरच्या अक्षरासारखे असते. वीस वर्षांपूर्वी मी हाच दृष्टांत या खाडीच्या काठच्या गावांतून सांगत गेलो. आपण आज जाऊन विचारा. शब्द आपल्याला तिथेच सापडतील."

मी म्हटले, विचारतो.

साहेबांनी कपाटातून त्या वर्षाची रोजनिशी काढली. गावोगाव आपण काय सांगितले ते तिच्यातून मराठीत उतरवले, कागद लखोट्यात घातला, वर लाख लावली आणि लखोटा दिनूच्या हाती दिला. असे ठरले की मी आणि दिनूने खाडीच्या वाटेने कल्याणला जायचे, वाटेत लोकांकडून गोष्ट ऐकायची आणि गोदीसमोर लखोटा फोडायचा. दोन्ही जुळले तर मी गोदीची समजूत घालून मुकाट्याने पुण्याला परतायचे. जुळले नाही तर दिनूने बाप्तिस्म्यासाठी एक वर्ष थांबायचे. दिनूने तसा शब्द दिला. हरण्याची भीती साहेबांना मुळीच वाटत नव्हती, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

बाळकुम

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. ठाण्याच्या बाहेर पडलो तो सगळा मुलूख धुराने भरलेला. मला वाटले कुठे आग लागली. दिनू हसला आणि म्हणाला, राब भाजताहेत. भाताचे रोप जिथे करायचे तेवढा तुकडा निवडून त्यावर पाला, गवत, शेण यांचे थर घालतात, वर माती पसरतात आणि पेटवून देतात. पावसाळा लागला की त्या भाजलेल्या मातीत बी टाकायचे, रोप हातभर झाले की उपटायचे आणि मग शेतभर एकेक करून लावायचे. आमच्याकडे देशावर पाभरीच्या नळ्यांतून दाणा मोजून मातीत जातो. दाणे वाटेवर उधळीत जाणारा शेतकरी ना आमच्याकडे आहे, ना यांच्याकडे. तो येशूच्या मुलखात असेल तर असो बापडा.

बाळकुम खाडीवरचे गाव. शेते एका अंगाला, पाणी दुसऱ्या. सुकत घातलेल्या मासळीचा वास इतका की नाकाला धोतराचा सोगा लावल्याशिवाय मला बोलता येईना. धर्मा भोईर म्हणून एक वयस्कर आगरी ओट्यावर दोर वळत बसला होता. गोऱ्या बाबाची, म्हणजे आमच्या पाद्रीसाहेबांची, गोष्ट त्याला आठवते का, असे दिनूने विचारले. आठवते म्हणजे काय! येशूदेवाने सांगितलेली गोष्ट, गोरा बाबा घोड्यावर बसून सांगायला आला होता. दोर बाजूला ठेवून तो सांगू लागला आणि मी वही उघडली.

त्याच्या गोष्टीतला शेतकरी एकच, पण वर्षे चार. "येक शेतकरी व्हता. खुला व्हता," अशी सुरुवात झाली. पहिल्या वर्षी त्या खुळ्याने दाणे वाटेवर टाकले, ते पाखरांनी खाल्ले. दुसऱ्या वर्षी कातळावर टाकले, ते उन्हाने गेले. तिसऱ्या वर्षी करवंदीच्या जाळीत. मग सासऱ्याने त्याला धरून नीट सांगितले, तेव्हा चौथ्या वर्षी त्याने राब भाजला, रोप केले, लावणी केली, आणि शंभर खंडी भात आले. मी विचारले, तीसपट आणि साठपट कुठे गेले? धर्माने माझ्याकडे कीव येऊन पाहिले.

"तीस खंडीच पिकला त त्याची गोष्ट कशाला सांगाची?"

गोऱ्या बाबाने राबाचे सांगितले होते का, असे मी खोदून विचारले. नव्हते सांगितले. तो म्हणत होता एकाच दिवशी दाणे चारी ठिकाणी टाकले. "त्याला शेतीचा काय ठावं? आमी ती गोष्ट नीट केली." हे त्याने इतक्या सहज सांगितले की मी वहीत त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. दगडावरचे अक्षर यांनी घासून त्यावर आपले कोरले होते, आणि खाली नाव मात्र तेच ठेवले होते.

शेवटी धर्माने आणखी एक सांगितले. पाखरांनी वाटेवरचे सगळे दाणे काही खाल्ले नाहीत. मागून एक बाई आली, तिने एकेक दाणा पदरात वेचला, आणि चौथ्या वर्षी राबात टाकले ते बी तेच. दिनूने विचारले, ती बाई कोण? धर्मा म्हणाला, येशूदेवाच्या गोष्टीतली बाई. मी म्हटले, शाबास. तिन्ही पुस्तकांत नसलेली बाई बाळकुमात सापडली.

मग धर्माच्या सुनेने तांदळाची भाकरी आणि कांदा पुढे ठेवला आणि दिनू तिथेच ओट्यावर बसून जेवला. मी दूर एका चिंचेखाली जाऊन माझ्या दशम्या सोडल्या, तर गुळाला मुंग्या लागलेल्या. मुंग्या निवडीत बसलो, दिनूची तिसरी भाकरी संपेना, आणि या दोन कारणांनी आमची भरती चुकली.

खाडी

कोपरच्या पांडू कोळ्याची होडी ठरवली होती. भरती चढत असताना निघालो असतो तर ती पाण्याबरोबर सुखाने कोपरपर्यंत गेली असती. आम्ही निघालो उशिरा. मुंब्र्याचा डोंगर उजवीकडे ठेवून थोडे पुढे गेलो तो ओहोटी लागली, पाणी पायाखालून काढून घेतल्यासारखे गेले, आणि होडी चिखलात बसली. पुन्हा पाणी येईपर्यंत तिथेच. डोक्यावर चैत्राचे ऊन, एक छत्री, तीन माणसे, आणि चहूकडे काळा चिखल. मुळामुठेला पाणी नसते म्हणून मी आजवर कुरकुर करीत आलो. ती कुरकुर मी परत घेतो. आमची नदी निदान दिवसातून दोनदा माणसाला फसवीत नाही.

पांडूला गोष्ट येते का ते मी विचारले. त्याला ती बाळकुमकरांपेक्षा चांगली येत होती, असे त्याने आधीच सांगितले.

त्याच्या गोष्टीत शेत खाडीला लागून. काही दाणे बांधावर पडले, ते बगळ्यांनी खाल्ले. काही खाजणातल्या खाऱ्या चिखलात पडले, ते खाराने जाळले. काही उगवले तर रोपे चिंबोऱ्यांनी कापून नेली. म्हणजे काट्यांच्या जागी खेकडे आले. आणि ज्या शेतकऱ्याने बांध फुटू दिला नाही त्याचे पीक आले. येशूदेवाचे सांगणे हेच की बांध सांभाळा. मी राबाचे विचारले तर तो थुंकला.

"राब त्यान नाय. तो बालकुमवाल्यांनी घातला. मी आयकला तसाच सांगतंय. येक अक्षर इकडचा तिकडं नाय."

मी वहीतून मान वर करून दिनूकडे पाहिले. वीस वर्षांत दोन पंथ झाले होते, आणि दोघांनाही दुसऱ्याची पोथी भ्रष्ट वाटत होती. पाद्रीसाहेबांच्या विलायतेत याहून वेगळे काय चालते, हेही मी त्याला विचारून घेतले.

"आणि ती बाई?" दिनू पांडूला म्हणाला. "दाणे वेचणारी?"

ती होतीच. पण पांडूने सांगितले की ती गोष्टीतली नव्हे, खरीखुरी बाई आहे, कोपरची हिरूबाय, अजून हिंडतीफिरती. गोऱ्या बाबाने कोपरच्या वाटेवर लोक जमवले आणि नीट समजावे म्हणून थैलीतून भात काढून खरेच मूठमूठ उधळले. हिरूबाय मागून वेचू लागली. पांडू तेव्हा लहान होता, त्याने डोळ्यांनी पाहिले.

मी होडीत इतका हसलो की पांडूला वाटले मला ऊन लागले. ऐकायला आलेली बाई उठून गोष्टीत जाऊन बसली, आणि वीस वर्षांत तिला येशूने स्वतः निर्माण केले असे लोक शपथेवर सांगू लागले. दिनूला मी हे तीन वेळा समजावून सांगितले. तो गुडघ्यांत हात घालून चिखलाकडे पाहत होता. पाणी येईना म्हणून शेवटी आम्ही उतरून काठापर्यंत चालत गेलो, आणि त्यात माझा उजवा पुणेरी जोडा खाडीने कायमचा ठेवून घेतला. काठाकाठाने कोपरला पोचेपर्यंत दिवस मावळला. देवळाच्या पडवीत पथारी टाकली.

कोपर

सकाळी हिरूबाय सापडायला वेळ लागला नाही. गाव ते केवढे! घरासमोर सूप घेऊन तांदूळ निवडीत बसली होती. सत्तरीची असेल, डोळ्यांना कमी दिसत असावे, पण बोटे खडा बरोबर शोधीत होती. अंगणात कोंबड्यांचा सुळसुळाट. एक माझ्या अनवाणी पायाच्या अंगठ्यावर टोच मारून गेली.

मी तिला म्हटले, गोऱ्या बाबाची गोष्ट सांग बघू. तिने सूप थांबवले.

"गोष्ट मना नाय ठावं. तो सांगीत व्हता, मी दाने वेचीत व्हती. आयकाला येल कोनाला व्हता?"

वाचकहो, मी मास्तरकीत पुष्कळ आनंदाचे क्षण पाहिले आहेत, पण असा नाही. खाडीकाठी जिची गोष्ट चालते, जी स्वतः तिथे उभी होती, तिने गोष्ट ऐकलीच नव्हती. मी लिहीत असता दिनू पुढे सरकून उकिडवा बसला.

"आजी, पण तुम्ही ते वेचलेत कशाला?"

त्याने या बाईला तुम्ही म्हटले हे मी ऐकले. तिनेही ऐकले असावे, कारण ती आता त्याच्याशीच बोलू लागली. "भात हाय ना तो. वाटंवं टाकला त लोकांच्या पायाखाली येल. मी त्याला बोलली, बाबा, टाकाचाच हाय त माज्या सुपान टाक." गोरा बाबा यावर मान वर करून थांबला आणि मग पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला, आणि पुन्हा मूठ उधळली. तिने पुन्हा वेचले. असे तीनदा झाले म्हणे.

"मग त्या दाण्यांचं काय झालं?" दिनूने विचारले.

"काय होल? पसाभर दाने. कोंबऱ्यांना घातले."

मी वही मिटली. आणखी लिहायचे काय होते? इतके वेचूनसुद्धा शेवटी ते पाखरांनीच खाल्ले. येशूच्या पुस्तकात होते तेच झाले, फक्त गावांनी ते कबूल केले नाही. दिनूने तिला सांगितले की बाळकुमात म्हणतात, त्याच दाण्यांतून शंभर खंडी पिकले. तिला दात नव्हते, पण ती मोकळेपणी हसली. "बोलू दे. त्याना बरा वाटतंय."

निघताना दिनू वाकला आणि त्याने तिच्या पायांना हात लावला. मी रस्त्याकडे चालू लागलो होतो. तिने मागून हाक मारून मला थांबवले आणि सुनेकडून एक जुनी वहाण देवविली. एकच, उजव्या पायाची. ती मी घेतली, आणि घालून कल्याणपर्यंत चाललो, हेही लिहितो.

कल्याण

वाटभर मी बोलत होतो. वीस वर्षांत, सांगणारा जिवंत असताना, ऐकणारे जिवंत असताना, एका मैलावर राब आला, दुसऱ्यावर खेकडे आले, सासरा आला, बाई आली, आणि प्रत्येक जण म्हणतो येशू असेच बोलला. मग दोन हजार कोसांवर, तो गेल्यानंतर चाळीस वर्षांनी लिहिणाऱ्यांनी काय काय घातले असेल आणि काय गाळले असेल? दुपारच्या आत गोदीच्या घरी पोचलो.

गोदी दारातच होती. तिने दिनूच्या तोंडाकडे पाहिले आणि मग माझ्या पायांकडे. आत आंब्याची डाळ वाटून ठेवली होती, पन्हे केले होते. आम्ही येणार म्हणून भटजीही ओटीवर येऊन बसले होते, पंचांग मांडीवर. हातपाय धुतल्यावर सर्वांसमोर दिनूने लाख फोडली आणि कागद मोठ्याने वाचला.

साहेबांनी गोष्ट सांगितली होती ती अगदी पुस्तकातली. वाट, खडक, काटे, चांगली जमीन. तीस, साठ, शंभर. राब नाही, खेकडा नाही, बाई तर नाहीच. लोकांनी अत्यंत एकाग्रतेने श्रवण केले असे प्रत्येक गावाच्या नावापुढे लिहिले होते. कोपरच्या नावापुढे शेवटी एक ओळ जास्त होती: येथे एका स्त्रीने फार व्यत्यय आणला.

मी पुन्हा हसलो. भटजींनाही मी सगळे पहिल्यापासून ऐकवले, धर्मा, पांडू, हिरूबाय, दाणे वेचण्यापर्यंत. कोंबड्यांपर्यंत पोचलो नव्हतो तोच दिनूने कागदाची घडी केली.

"जुळलं नाही," तो म्हणाला. "मी वर्षभर थांबतो."

आत स्वयंपाकघराच्या दाराशी गोदी उभी होती, तिने वाढायला पळी घेतली. पण दिनूचे संपले नव्हते.

"पण वर्षाने मी जाईन, मामा. तेच शब्द त्याचे आहेत असं मी आता कोणाला म्हणणार नाही. त्यात तुम्ही जिंकलात. पण तुमच्या वर्गातली मुलं शनिवारपर्यंत विसरतात. ही माणसं वीस वर्षं विसरली नाहीत. सांगणाऱ्यात काहीतरी असेल."

मला संताप आला. दोन दिवसांची पायपीट, एक जोडा, आणि हाती लागले वर्ष! मी भटजींना म्हटले, पुढच्या चैत्रात दर्भ घेऊन या, बाहुली करा, त्याची क्रिया मी स्वतः बसून करवीन. भटजींनी पंचांग उघडलेसुद्धा. दिनू खाली पाहत बसला. या बोलण्याची मला आज लाज वाटते.

गोदी बाहेर आली. वाढायला घेतलेली पळी हातातच होती. तिने ना माझ्याकडे पाहिले ना भटजींकडे.

"दादा, त्या बाईनं वेचले ना दाणे, वाटेवरचे?"

मी म्हटले, हो.

"मग पुढे काय झालं त्यांचं?"

हा प्रश्न दिनूनेही विचारला होता, आणि त्याचे उत्तर माझ्या वहीत शाईने लिहिलेले होते. तीन दिवस मी याच एका गोष्टीला हसत आलो होतो, की माणसे ऐकलेले तसेच्या तसे सांगत नाहीत. गोदीच्या पळीतल्या आमटीचा थेंब जमिनीवर पडला, तो तिने पायाने झाकला. लहानपणी काही सांडले की ती असेच करीत असे. मला आमची आई आठवली, आणि गोदीचे लग्न झाले तो दिवस आठवला. मला तिची फार दया आली.

"रुजले," मी म्हणालो.

"सगळे?"

"सगळे."

दिनूने मान वर केली.

गोदी भटजींकडे वळली. ती म्हणाली, "वर्षानं असो नाहीतर दहा वर्षांनी, या घरात जिवंत माणसाची क्रिया व्हायची नाही. तो कुठंही गेला तरी माझाच आहे. पंचांग मिटा, आणि जेवायला बसा." भटजी जेवले. आंब्याची डाळ उत्तम झाली होती. पुण्यात ती इतकी आंबट करीत नाहीत.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीने मी परत आलो. पैज कोणी जिंकली ते ज्यांना विचारायचे होते त्यांना आता कळले असेल. दिनू दिलेला शब्द पाळतो आहे. परवा त्याचे पत्र आले. शेणाळे तळ्यावर धुणे धुवायला येणाऱ्या बायकांत गोदीने सांगितलेली एक गोष्ट फिरते आहे म्हणतो. तिच्यात पेरणारा कोणी साधू झाला आहे, बाई कल्याणची झाली आहे, आणि वाटेवरचे दाणे सगळेच्या सगळे रुजतात. पुढे कधी कोणी ही गोष्ट तपासायला निघालाच, तर त्याच्या सोयीसाठी लिहून ठेवतो की ते शेवटचे माझे आहे.

कोंबड्यांचे गोदीला अजून कोणी सांगितलेले नाही.